रस्त्याकडेच्या स्मारकात जंगलालाही जागा द्या

प्रति,
लाकूड-व्यवसायातील स्थानिक कर्त्या व्यक्तींची स्मारके उभारणाऱ्या समित्या, स्थानिक स्वराज्य संस्था आणि रस्ते विभाग यांस,

सप्रेम नमस्कार.

जी गावे लाकडाच्या धंद्यावर उभी राहिली, त्या गावांच्या वेशीवर, जुन्या आरागिरणीच्या जागेजवळ किंवा जंगलातून जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला तो धंदा उभारणाऱ्या माणसाचे स्मारक असावे, ही कल्पना मला मनापासून मान्य आहे. हे पत्र विरोधासाठी लिहिलेले नाही. कोनशिलेवरचा मजकूर पक्का होण्याआधी आणि चौथऱ्याची जागा ठरण्याआधी आपण थोडे थांबून विचार करावा, एवढ्यासाठी ते लिहीत आहे. कारण दगडावर एकदा कोरलेले वाक्य बदलणे फार अवघड असते आणि पुढच्या दोन-तीन पिढ्या तेच वाक्य खरे धरून चालतात.

लाकूड-व्यवसायातील माणसाला स्मारकाचा मान का मिळावा, हे आधी स्पष्ट म्हटले पाहिजे. झाड तोडणे हा या धंद्यातला एक भाग आहे आणि बहुतेक वेळा तो सर्वांत सोपा भाग असतो. डोंगरउतारावर पडलेला काही टनांचा ओंडका खाली आणायचा कसा, नदीला पाणी किती आणि कोणत्या महिन्यात असते, कोणते लाकूड तरंगते आणि कोणते बुडते, ताजे लाकूड किती महिने वाळवल्यावर वाकणार नाही, कोणत्या ओंडक्यातून तुळई निघेल आणि कोणत्यातून फक्त फळ्या, हे सगळे ज्याला कळत होते आणि ज्याने ते कळणारी माणसे एकत्र आणली, त्याने खरोखरच काहीतरी उभारलेले असते. त्याच्या गिरणीभोवती वस्ती वसली, वस्तीसाठी रस्ता झाला, आणि आज ज्या रस्त्याच्या कडेला त्याचे स्मारक उभे करण्याचे आपण ठरवता, तो रस्ता अनेकदा त्याचेच ओंडके वाहून नेण्यासाठी पहिल्यांदा आखलेला असतो. असा माणूस विस्मरणात जाऊ नये.

माझी अडचण आहे ती अशा स्मारकांवर सहसा जे लिहिले जाते त्याबद्दल. जन्म, मृत्यू, अमुक गिरणीचे संस्थापक, तमुक शाळेचे आश्रयदाते, दूरदृष्टीचे उद्योजक, आणि खाली अनावरण करणाऱ्या पाहुण्यांचे नाव, बहुधा मूळ माणसाच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत. हा मजकूर कापडगिरणीच्या मालकालाही चालेल आणि साखर कारखान्याच्या अध्यक्षालाही. कोणती झाडे तोडली, ती कोणत्या डोंगरावर होती, ती जमीन त्याआधी कोणाच्या वापरात होती, ती कोणी तोडली, तोडणाऱ्यांपैकी किती परत आले नाहीत, तोडलेल्या जागी पुन्हा काही लावले का, यांपैकी एकही गोष्ट त्यातून कळत नाही. लाकडाच्या माणसाच्या स्मारकावर लाकूड नसते आणि जंगल तर मुळीच नसते. माझी विनंती अशी की त्याच्या नावाशेजारी जंगलाची आणि जंगलात राबलेल्या माणसांची नोंद त्याच दगडावर, तितक्याच आदराने व्हावी.

अशी नोंद नसली म्हणजे काय होते, याचे एक उदाहरण गढवालमध्ये सापडते. फ्रेडरिक विल्सन हा यॉर्कशायरमधला माणूस एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला भागीरथीच्या खोऱ्यात पोहोचला, शिकार आणि कातड्यांचा व्यापार करू लागला आणि पुढे टिहरीच्या राजाकडून देवदार तोडण्याचा ठेका मिळवून त्याने मोठा व्यवसाय उभा केला. देवदाराचे ओंडके भागीरथीत सोडायचे आणि पाण्याबरोबर खाली मैदानात पोहोचल्यावर काढून घ्यायचे, ही त्याची पद्धत होती. त्या काळात रेल्वेचे जाळे वाढत होते आणि रुळाच्या प्रत्येक मैलाला 1,760 ते 2,000 स्लीपर, म्हणजे रुळाखालच्या आडव्या लाकडी तुळया, लागत होते. देवदार सहजासहजी कुजत नाही म्हणून त्याला मागणी होती. विल्सन इतका श्रीमंत झाला की त्याची स्वतःची नाणी चालत, लोक त्याला राजा म्हणत. त्याच खोऱ्यातल्या हर्सिल गावात त्याचे मोठे लाकडी घर होते, ते 1997 मध्ये जळाले. 1883 मध्ये तो वारला आणि मसुरीच्या कॅमल्स बॅक रस्त्यावरच्या दफनभूमीत त्याला पुरले. हर्सिलच्या सफरचंदांमुळे त्याचे नाव आजही घेतले जाते, जाध गंगेवर त्याने बांधलेल्या झुलत्या पुलाच्या गोष्टी सांगितल्या जातात, आणि त्याच्याभोवती दंतकथांचे दाट धुके जमले आहे. त्या दंतकथांमध्ये विल्सन ठसठशीत दिसतो. पण उतारावर उभे राहून देवदार तोडणारे, थंड पाण्यात उतरून अडकलेले ओंडके मोकळे करणारे पहाडी मजूर कोण होते, हे जवळजवळ कोणाला सांगता येत नाही. जंगलाचे काय झाले हेही त्या गोष्टींत येत नाही. एखाद्या समितीने उद्या त्याच्यासाठी फलक लावायचे ठरवले, तर तिच्याजवळ राजा, नाणी आणि सफरचंदे एवढीच सामग्री असेल, कारण बाकीचे कोणी वेळेवर लिहून ठेवले नाही. आपल्या गावातल्या माणसाबद्दल ती वेळ अजून गेलेली नसेल, तर ती साधून घ्यावी, असे मला कळकळीने वाटते.

दुसरे उदाहरण मी जरा विस्ताराने देणार आहे, कारण या विषयावर विचार करणाऱ्या प्रत्येक समितीने ते जाणून घ्यावे अशी माझी इच्छा आहे. मलबारचे, म्हणजे आजच्या उत्तर केरळचे, साग हे अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात जहाजबांधणीचे फार महत्त्वाचे लाकूड होते. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातल्या कारागिरांनी मलबारी सागाची जी जहाजे बांधली, त्यांतले 1817 मध्ये पाण्यात उतरवलेले ट्रिंकोमाली नावाचे जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर तरंगते आहे. दोनशे वर्षे उलटून गेली तरी तो साग टिकून आहे. अशी जहाजे बांधण्यासाठी मलबारच्या जंगलातले मोठमोठे साग इतक्या वेगाने तोडले गेले की एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकापर्यंत चांगल्या लाकडाची टंचाई जाणवू लागली. तेव्हा मलबारचा कलेक्टर हेन्री व्हॅलेंटाइन कॉनोली याने निलंबूरला, चालियार नदीच्या खोऱ्यात, साग लावून वाढवण्याचे ठरवले. आज हे साधे वाटते. त्या वेळी ते कोणाला नीट जमलेले नव्हते. सागाच्या फळाला टणक कवच असते, बी आत बंद राहते, आणि नुसते पेरले तर फार थोडे रुजते. सुरुवातीचे प्रयत्न फसले. मग ज्याच्या हाती हे काम आले आणि ज्याने 1840 च्या दशकात रोपे उगवण्याची युक्ती बसवून लागवड यशस्वी केली, तो माणूस म्हणजे चातू मेनन. पुढे सुमारे दोन दशके त्याने या लागवडीवर काम केले आणि लाखो रोपे लावून घेतली. आज जिला जगातली सर्वांत जुनी सागलागवड म्हणतात आणि जिच्यातली 1846 मध्ये लावलेली झाडे अजून उभी आहेत, ती सुमारे 2.31 हेक्टरची जागा मात्र कॉनोलीच्या नावाने ओळखली जाते.

कॉनोलीचा वाटा मी कमी लेखत नाही. निर्णय त्याचा होता, जोखीम त्याची होती, आणि 1855 मध्ये कोळिकोडला त्याची हत्या झाली तेव्हा आपण लावलेले साग तोडण्याजोगे झालेले पाहण्याचे भाग्य त्याच्या वाट्याला आले नाही. सागाला तसे व्हायला अर्धे शतक किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. पण झाड लावण्याचे ठरवणे आणि झाड लावणे या दोन गोष्टी आहेत. कलेक्टरचे नाव जागेला लागले आणि बी रुजवणाऱ्याचे नाव जाणकारांपुरते राहिले, ही घटना केवळ निलंबूरची नाही. जवळपास प्रत्येक लाकूड-गावात असा एक मुकादम, एक रोपवाटिका सांभाळणारा, एक करवतीला धार लावणारा कारागीर होऊन गेलेला असतो, ज्याच्यावाचून मालकाचा धंदा चाललाच नसता. आपण ज्यांचे स्मारक करत आहात त्यांनाही बहुधा त्याची जाणीव असेल. त्यांच्या शेजारी त्या माणसाचे नाव आले तर मालकांचा मान कमी होईल, असे मला मुळीच वाटत नाही.

निलंबूरबद्दल आणखी एक सांगायचे आहे. त्या गावापासून जवळच, निलंबूर–गुडलूर रस्त्यावर, 1995 मध्ये केरळ वन संशोधन संस्थेने केवळ सागावरचे संग्रहालय उभे केले. 2017 मध्ये निलंबूरच्या सागाला भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे तिथे स्मृती जपण्याचे काम माणसाच्या पुतळ्याने केले नाही; ते उभ्या झाडांनी, त्या झाडांबद्दलच्या ज्ञानाने आणि रस्त्यावरून जाणाऱ्या कोणालाही आत शिरून पाहता येईल अशा जागेने केले. लाकूड-व्यवसायातल्या माणसाचे याहून योग्य स्मारक मला सुचत नाही. जिथे शक्य असेल तिथे, म्हणजे रस्त्याच्या कडेला थोडी जमीन मिळणार असेल तिथे, त्याने तोडलेल्या जातीचीच झाडे लावावीत, त्यांची निगा राखण्याची जबाबदारी लेखी स्वरूपात कोणावर तरी सोपवावी, आणि फलक त्या झाडांच्या सावलीत लावावा. रोपे लावून छायाचित्र काढायचे आणि दुसऱ्या उन्हाळ्यात ती वाळून गेलेली असायची, असे होणार असेल तर झाडांचा हट्ट मी धरणार नाही. मेलेल्या रोपांमधले स्मारक जंगलतोडीच्या इतिहासाला फारच वाईट शोभते.

अमेरिकेत मिशिगन राज्यात ऑ सेबल नदीच्या काठावर 1932 मध्ये उभारलेले एक कांस्यशिल्प आहे. मिशिगनच्या पांढऱ्या पाइनच्या जंगलांनी एकोणिसाव्या शतकात अर्ध्या देशाला घरांसाठी फळ्या पुरवल्या आणि त्या शतकाच्या अखेरीपर्यंत ती जंगले जवळपास संपली. त्या धंद्याचे हे स्मारक. त्यासाठी पुढाकार आणि पैसा जुन्या लाकूड-व्यापारी कुटुंबांचा होता, आणि त्या कुटुंबांची नावेही तिथे आहेत. पण वर उभ्या असलेल्या तीन आकृतींत मालक एकही नाही. एक आहे जंगलात फिरून उभ्या झाडांतून किती लाकूड निघेल याचा अंदाज बांधणारा, दुसरा करवतीने झाड कापणारा, तिसरा नदीतून ओंडके हाकणारा. ज्यांनी पैसे दिले त्यांनी स्वतःला पायथ्याशी ठेवले आणि कामगारांना वर उभे केले, या निर्णयात मला मोठा शहाणपणा दिसतो. हे शिल्प पूर्ण आहे असे मी म्हणणार नाही. ज्या मूळ रहिवाशांच्या भूमीवर ती जंगले होती, ते लोक त्या तीन आकृतींत नाहीत. तरीही मालकाच्या घरातल्या लोकांनी पुढाकार घेतला तर काय करता येते, हे ते दाखवते. याउलट त्याच देशात मिनेसोटातल्या बेमिजी गावात 1937 साली रस्त्याच्या कडेला पॉल बनियन या महाकाय लाकूडतोड्याचा पुतळा उभारला गेला, तो आजही प्रवाशांचे आकर्षण आहे, पण पॉल बनियन नावाचा माणूस कधी झालाच नाही, ती लोककथा आहे. खरे लाकूडतोडे हजारोंनी होऊन गेलेल्या प्रदेशात कल्पित माणसाचा पुतळा सर्वांत मोठा व्हावा, याचे मला वाईट वाटते.

कामगारांचा मुद्दा मी पुन्हा पुन्हा का काढतो आहे, ते सांगितले पाहिजे. लाकूडतोड हे जगातल्या सर्वांत धोकादायक कामांपैकी एक मानले जाते आणि यंत्रे आल्यावरही ते तसेच राहिले आहे. झाड ज्या बाजूला पडायला हवे त्या बाजूला न पडता वळते. वर अडकलेली वाळकी फांदी आवाज न करता सुटते. उतारावर रचलेले ओंडके एकदम घरंगळतात. नदीत ओंडक्यांची कोंडी झाली की ती सोडवायला कोणीतरी त्या ओंडक्यांवर चालत जायचे, आणि कोंडी फुटली की पळायला त्याला काही क्षणच मिळायचे. गिरणीत फिरत्या गोल करवतीने बोटे जायची, पट्टे तुटून अंगावर यायचे. आणि जे यांतून सुखरूप राहिले, ते वर्षानुवर्षे लाकडाचा भुसा श्वासातून आत घेत राहिले. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्ये लाकडाच्या भुशाची नोंद माणसात निश्चित कर्करोग करणाऱ्या घटकांमध्ये केली, पण तोवर कितीतरी पिढ्या त्या धुळीत काम करून गेल्या होत्या. त्यांच्यापैकी फार थोड्यांच्या नावाचा दगड कुठे असेल. गिरणीच्या जुन्या हजेरीवह्या, अपघातांच्या नोंदी, दफनभूमीच्या नोंदवह्या, जुन्या कुटुंबांकडचे कागद यांतून ही नावे अजून काढता येतात. हे काम कंटाळवाणे आहे, त्याला वेळ लागतो, आणि दगडाच्या खर्चापुढे त्याचा खर्च जवळपास काहीच नसतो. समितीने शिल्पकार ठरवण्याआधी हे काम एखाद्या अभ्यासू माणसाकडे सोपवावे. सगळी नावे मिळणार नाहीत. जी मिळतील ती कोरावीत आणि जी मिळाली नाहीत त्यांच्याबद्दल तसे स्पष्ट लिहावे.

जंगलात आधीपासून राहणाऱ्यांची नोंद हा याहून नाजूक विषय आहे, आणि नाजूक आहे म्हणूनच समित्या तो टाळतात. लाकडाचा मोठा धंदा जिथे जिथे उभा राहिला तिथे तिथे जंगलावर कोणाचा तरी आधीचा हक्क होता; कोणी त्यात गुरे चारत होते, मध, डिंक, कंद गोळा करत होते, कोणी फिरती शेती करत होते. ब्रिटिश भारतात 1864 मध्ये वनखाते स्थापन झाले, डीट्रिख ब्रांडिस त्याचे पहिले महानिरीक्षक झाले, आणि 1878 च्या वन कायद्याने राखीव जंगलांतले हे नित्याचे वापर बहुतांशी गुन्हे ठरवले. ठेकेदाराला ज्या जंगलात कुऱ्हाड चालवण्याचा परवाना होता, त्याच जंगलात तिथल्या माणसाला मोळी बांधल्याबद्दल दंड होऊ शकत होता. हे एका व्यक्तीचे पाप नव्हते आणि ते एका व्यक्तीच्या माथी मारू नये. पण त्याची एक ओळही नसलेला फलक हे जंगल जणू आधी कोणाचेच नव्हते असे सुचवतो, आणि ते खोटे आहे.

समित्यांमध्ये यावर जो आक्षेप घेतला जाईल तो मला माहीत आहे. स्मारक हा सन्मानाचा प्रसंग आहे, तिथे हिशेब कशाला मांडायचा, कुटुंबीयांना वाईट वाटेल, देणगीदार मागे सरतील. कुटुंबीयांच्या भावनांचा आदर राखलाच पाहिजे. पण गेल्या काही वर्षांत जगभर ज्या स्मारकांवर रंग ओतला गेला किंवा जी चौथऱ्यावरून खाली ओढली गेली, ती बहुतेक अर्धेच सांगणारी होती. ज्या दगडावर कर्तृत्वही आहे आणि त्यासाठी इतरांनी मोजलेली किंमतही आहे, त्याला पुढच्या पिढीने दुरुस्त करायचे काही फारसे उरत नाही. आपल्या आजोबांचे नाव कोणी खोडू नये असे ज्या नातवंडांना वाटते, त्यांनीच पूर्ण मजकुराचा आग्रह सर्वांआधी धरायला हवा. मिशिगनच्या कुटुंबांनी जो मोठेपणा दाखवला तो इतरांनाही जमू शकतो.

आता एक आनंदाचे उदाहरण. सायमन बेन्सन हा नॉर्वेहून किशोरवयात अमेरिकेत आलेला मुलगा ओरेगॉनमध्ये मोठा लाकूड-व्यापारी झाला. बैलांनी ओंडके ओढण्याच्या काळात त्याने वाफेची यंत्रे आणि रेल्वे वापरली. कोलंबिया नदीच्या मुखातून असंख्य ओंडक्यांचे लांबट सिगारच्या आकाराचे तराफे साखळ्यांनी बांधून ते समुद्रमार्गे कॅलिफोर्नियात सॅन दिएगोपर्यंत ओढून नेण्याची पद्धत त्याने 1906 पासून यशस्वी केली, आणि ती 1941 पर्यंत चालली. 1912 मध्ये त्याने पोर्टलंड शहराला दहा हजार डॉलर दिले, त्यांतून पिण्याच्या पाण्याचे वीस कांस्य नळ बसले, आणि त्यांच्या धर्तीचे नळ आजही त्या शहराच्या पदपथांवर वाहत असतात. त्याने कोलंबिया नदीकाठच्या महामार्गाला पाठबळ दिले, मल्टनोमा धबधब्याची जमीन लोकांसाठी देऊन टाकली, आणि 1914 मध्ये त्या धबधब्यावर बांधलेल्या पादचारी पुलाला त्याचे नाव आहे. 2014 च्या जानेवारीत दरड कोसळून तो पूल जखमी झाला, आणि तो पुन्हा दुरुस्त केला गेला, कारण लोक त्यावरून रोज चालत होते. ज्या स्मारकाचा लोकांना उपयोग असतो त्याची डागडुजी करण्यासाठी आठवण करून द्यावी लागत नाही. आपल्या माणसाने हयातीत असे काही केले नसेल, तरी त्याच्या नावाने करायला आपणाला कोणी अडवलेले नाही. पाण्याचा नळ, उन्हात बसायला छप्पर, लांबच्या प्रवासात थांबणाऱ्यांसाठी स्वच्छ प्रसाधनगृह, यांच्या भिंतीवर लिहिलेले चरित्र लोक पुतळ्याच्या पायथ्याशी लिहिलेल्यापेक्षा शांतपणे वाचतील.

आणि वाचण्याचा प्रश्न आलाच आहे तर रस्ते विभागाला दोन शब्द. ताशी 80 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी दर सेकंदाला सुमारे 22 मीटर पुढे सरकते. चौथऱ्यावरच्या चार ओळी वाचायला दहा सेकंद लागतात असे धरले, तरी तेवढ्यात गाडी दोनशे मीटरहून पुढे गेलेली असते. त्यामुळे रस्त्याच्या अगदी कडेला, थांबायला जागा नसताना उभारलेले स्मारक वाचलेच जात नाही, किंवा वाचायला जाणाऱ्याला आणि त्याच्या मागच्याला धोका होतो. गाडी मुख्य रस्त्यापासून पूर्ण बाजूला घेता येईल अशी जागा, दोन्ही दिशांनी ती आधीपासून दिसेल अशी सूचना, आणि वळण सोडून सरळ पट्ट्यावरची निवड, या गोष्टी शिल्पाच्या सौंदर्यापेक्षा आधी ठरल्या पाहिजेत. जड दगडी चौथरा किंवा जाड ओंडका रस्त्याला लागून उभा असेल, तर घसरलेल्या गाडीसाठी तो जीवघेणा ठरतो. रस्त्यालगतचा पट्टा मोकळा ठेवण्याचा नियम स्मारकासाठी शिथिल करू नये. ज्याच्या धंद्याने इतके अपघात पाहिले त्याच्या स्मारकाने आणखी एक घडवू नये.

सामग्रीबद्दलही थोडे बोलतो, कारण या प्रकारच्या स्मारकांत लाकूड वापरण्याचा मोह साहजिक आणि योग्य असतो, पण ते वापरताना लाकडाचेच नियम विसरले जातात. मोठ्या ओंडक्याचा आडवा काप घेऊन त्यावर नाव कोरायची पद्धत सर्वत्र आहे. लाकूड वाळताना वाढवलयांच्या दिशेने जितके आकसते, त्याच्या साधारण निम्मेच ते गाभ्याकडून सालीकडे आकसते. म्हणून ताज्या लाकडाचा असा काप एक-दोन वर्षांत बाहेरून आत चिरतो आणि नेमके कोरलेले नाव दुभंगते. शिवाय कापाच्या तोंडाशी लाकडाच्या नळ्या उघड्या असतात, पावसाचे पाणी त्यांतून खोल शिरते. लाकूड पुरेसे वाळवून, वरून छप्पर देऊन, खांब जमिनीत न गाडता लोखंडी बैठकीवर जमिनीपासून वर ठेवून उभे केले, तर ते अनेक दशके टिकते, कारण ओल साधारण वीस टक्क्यांच्या खाली राहिली की कुजवणाऱ्या बुरशीला वाढता येत नाही. झाडाचा मधला गडद गाभा वापरावा. बाहेरचे फिकट लाकूड सागाचे असले तरी लवकर किडते. हे सगळे गावातल्या जुन्या सुताराला माहीत असते. त्याला समितीत घ्या. लाकूडवाल्याच्या स्मारकाचे लाकूडच कुजले, तर त्या माणसाच्या कारागिरीचा याहून मोठा अपमान नाही.

माझी नेमकी मागणी आता मांडतो. फलकावर त्या व्यक्तीचे नाव आणि काम यांच्यासोबत तिने कोणत्या जातीचे लाकूड कोणत्या डोंगरांवरून, साधारण कोणत्या वर्षांपासून कोणत्या वर्षांपर्यंत काढले, ते कुठे गेले आणि त्याचे काय झाले, हे लिहावे; त्या जंगलात आधी कोण राहत होते हे लिहावे; कामात मरण पावलेल्यांची मिळतील तेवढी नावे द्यावीत; तोडलेल्या जागी आज काय आहे, शेत आहे, मळा आहे, नव्याने उगवलेले रान आहे की उघडा उतार, हेही सांगावे. पाहुण्यांचे नाव मागच्या बाजूला छोट्या अक्षरांत पुरेल. मजकूर कोरण्याआधी निदान एक महिना तो गावात जाहीरपणे वाचायला लावावा, विशेषतः गिरणीतल्या जुन्या कामगारांच्या घरच्यांना आणि जंगलाच्या कडेच्या वस्त्यांना तो दाखवावा, त्यांच्या हरकती लेखी घ्याव्यात आणि त्यांना लेखी उत्तर द्यावे. ज्या समित्यांची स्मारके आधीच उभी आहेत, त्यांनी जुना दगड हलवू नये. शेजारी दुसरा लावावा आणि त्यावर हा राहिलेला मजकूर द्यावा. पुढच्या बैठकीच्या कामकाजात हा विषय घ्यावा आणि जो निर्णय होईल तो कारणांसह जाहीर करावा, ही विनंती.

कळावे,
लोभ असावा.

आपला,
एक वाचक आणि प्रवासी